जॉनी ब्लू स्काइज: नाव नवं, गळा तोच. पण याला कंट्री म्हणायचं का?

लांबचा_प्रवासी | १४ जुलै २०२४, रात्री ९:४०

कंट्री, म्हणजे अमेरिकेतली गावाकडची गाणी, गाणाऱ्या स्टर्जिल सिम्प्सनचा नवा अल्बम परवा शुक्रवारी आला. 'पसाज द्यु देझीर'. पॅरिसमधल्या एका गल्लीचं नाव आहे हे. आठ गाणी, चाळीसेक मिनिटं. गायकाच्या जागी मात्र स्टर्जिल सिम्प्सन हे नाव नाहीच. तिथे आहे जॉनी ब्लू स्काइज.

ज्यांना हा गडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. जन्म १९७८, केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ, कोळसा खाणींच्या मुलखातलं जॅक्सन. आधी नौदल, मग सॉल्ट लेक सिटीला रेल्वेत नोकरी. पहिला अल्बम २०१३ साली, म्हणजे पस्तिशीत, आणि तोही पदरमोड करून. २०१४ चा दुसरा चार-पाच दिवसांत, फुटकळ खर्चात रेकॉर्ड केला आणि त्यानेच नाव झालं. तिसरा 'अ सेलर्स गाइड टु अर्थ' अटलांटिकसारख्या मोठ्या कंपनीने काढला, त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी. एवढं झाल्यावर कोणीही शहाण्या माणसाने तसेच आणखी दोन काढले असते. याने चौथा काढला तो कर्कश्श रॉक, सोबत नेटफ्लिक्सवर जपानी अॅनिमेशन. मग मोठ्या कंपनीला रामराम, स्वतःचं हाय टॉप माउंटन हे लेबल, जुन्याच गाण्यांचे ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचा कंट्रीचाच भाऊबंद) अवतार. २०२१ ला पाचवा अल्बम. त्याच वर्षी गळ्याला इजा होऊन दौरा रद्द. मग तीन वर्षं सामसूम.

माझ्या नावावर पाचच अल्बम काढीन, असं तो फार आधीपासून सांगत होता. लोकांना वाटलं, बोलतात कलाकार असं. याने खरं केलं.

मी कामानिमित्त काही वर्षं केंटकीत आहे, त्यामुळे इथे या माणसाबद्दल घरचा असल्यासारखं बोलतात. दोन दिवस हाच अल्बम चालू आहे. आवडला, खूपच आवडला. पण दोन गोष्टी पचत नाहीत. पहिली, नाव बदलून नेमकं साधलं काय? गळा तर पहिल्या ओळीत ओळखू येतो. दुसरी, यातली तीन-चार गाणी सत्तरच्या दशकातल्या सॉफ्ट रॉककडे झुकलेली, व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचा ताफा, सुरुवातीलाच अकॉर्डियन. याला कंट्री म्हणायचं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

गडबडगुंडा | १४ जुलै, रात्री ९:५२

मी पयला!

गाणी ऐकलेली नाहीत, मत तयार आहे.

---

नागपुरी_संत्रं | १४ जुलै, रात्री १०:०५

काऊन भाऊ, ते बिअर, पिकअप ट्रक न् सोडून गेलेली बायको, त्याच गाण्यांबद्दल बोलून राहिले ना तुम्ही?

---

लांबचा_प्रवासी | १४ जुलै, रात्री १०:११

ट्रक नाही. स्कूटर आहे. खरंच. 'स्कूटर ब्लूज' नावाचं गाणं आहे. सगळं सोडून एखाद्या बेटावर जायचं, स्कूटरवर टांग मारून दुकानात जायचं, कोणी ओळखायचं नाही, एवढाच मामला.

---

गडबडगुंडा | १४ जुलै, रात्री १०:१४

पुण्यात स्कूटरवर टांग मारून दुकानात गेलं तर दुकान एक ते चार बंद. ब्लूज तिथेच सुरू होतात.

---

शुद्धमती | १५ जुलै, सकाळी ७:३०

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या शंकेला माझं अनुमोदन. कंट्री म्हणजे फिडल (गावरान ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन), बँजो, स्टील गिटार, आणि तीन-साडेतीन मिनिटांत सांगून संपणारी गोष्ट. १९२७ साली अमेरिकेतल्या टेनेसीच्या ब्रिस्टलला रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीरने कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्सची पहिली ध्वनिमुद्रणं केली, तिथून आलेली ही परंपरा आहे. हे बुवा लंडनला अॅबी रोड स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंग करतात, सात-सात नऊ-नऊ मिनिटांची गाणी करतात, गिटारचे लांबच लांब सोलो. चांगलं असेल, नाही म्हणत नाही. पण मग त्याला दुसरं नाव द्या.

---

मींडवेडी | १५ जुलै, सकाळी ९:१५

शुद्धमतीताई, परंपरा म्हणाल तर त्याच जिमी रॉजर्सने १९३० साली लुई आर्मस्ट्राँगबरोबर ध्वनिमुद्रण केलंय. ट्रम्पेट! बँजो आफ्रिकेतून आलेल्या गुलामांबरोबर आला. आणि तुमची स्टील गिटार हवाई बेटांवरची. ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या जुन्या रेडिओ कार्यक्रमाच्या रंगमंचावर तर कित्येक वर्षं ड्रमला मज्जाव होता, आज ड्रमशिवाय कंट्री कोणी ऐकेल का? शुद्ध काय ते दाखवा तरी.

मी स्वतः सतार शिकले, कंट्रीचं मला काही कळत नव्हतं. नवऱ्याच्या कामामुळे नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीच्या पंढरीत, थोडे दिवस राहायला मिळालं, तिथे एका लहानशा बारमध्ये पेडल स्टील गिटार अगदी हातभर अंतरावरून पाहिली आणि मी बिअर विसरले. वादक खुर्चीवर बसलेला, पुढ्यात टेबलासारखं आडवं वाद्य, दहा तारा. डाव्या हातात लोखंडाचा गुळगुळीत दांडू, तो तारांवर नुसता सरकतो, दाबत नाही. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. डावं पाऊल पेडलवर, उजवं आवाजाच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणारे खटके, ते गुडघ्याने ढकलायचे. पेडल दाबलं की दोन तारांचे सूर वर चढतात आणि तिसरी जागची हलत नाही. आम्ही सतारीवर मींड घेताना तार पडद्यावर आडवी ओढतो, एका वेळी एकच. हा माणूस स्वरमेळच्या स्वरमेळ मींडेत नेत होता, तेही पायाने!

या अल्बममधलं 'हू आय अॅम' ऐका. त्यात ती स्टील मागे रडत असते आणि गाणारा माणूस स्वतःचं नाव विसरलोय म्हणून जवळजवळ हसत असतो. धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या एका गाण्यातच आहे असं मला वाटतं.

---

मांडवीकाठ | १५ जुलै, दुपारी १२:४०

आमच्या पणजीला कंट्री म्हटलं की जिम रीव्हज. दुसरं नाव घेऊ नये. शेजारी एक आंटी होती, तिच्याकडे नाताळात सकाळपासून रेकॉर्ड लावलेली असे. लग्नात ब्राइड-ग्रूमचा पहिला नाच पण त्याच्याच गाण्यावर. मुंबईत वांद्र्याला गेलात तरी तेच. गोंयकाराला विचारा, जिम रीव्हज अमेरिकन होता हे त्याला नंतर कळतं.

आणि शुद्धमतीबाय, त्याच्या गाण्यात व्हायोलिनांचा थवा असे, मागे कोरस असे. चेट अॅटकिन्स हा निर्माता आणि मंडळींनी पन्नास-साठच्या दशकात मुद्दाम फिडल-बँजो बाजूला सारून तो मऊ आवाज काढला. नॅशव्हिल साउंड म्हणत त्याला. तेव्हाही लोक म्हणाले, हे कंट्री न्हय. आता तोच जुना, खरा कंट्री झाला.

येत्या ३१ तारखेला त्याला जाऊन साठ वर्षं होतील. स्वतःच विमान चालवत होता, नॅशव्हिलजवळ वादळात पडलं.

---

शुद्धमती | १५ जुलै, दुपारी १:०५

काका, जिम रीव्हज गोड गायचा, मान्य. पण त्या मऊपणाला कंटाळूनच वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सनने बंड केलं ना? स्टर्जिलची तुलना सगळे वेलनशी करतात, ती पहिल्या दोन अल्बममुळे. आणि आता तोच माणूस तंतुवाद्यांच्या गादीवर लोळतोय. माझी तक्रार तेवढीच आहे.

---

कुजबुज | १५ जुलै, दुपारी ३:२०

मराठी संस्थळावर अमेरिकन गावरान गाण्यांची जिलबी. आपल्याकडे शाहीर उपाशी मरतायत, त्यावर कधी धागा येईल? चालू द्या.

---

गडबडगुंडा | १५ जुलै, दुपारी ३:२२

तुम्ही काढा की. आम्ही तिथेही न ऐकता मत देऊ.

---

कागदपत्री | १५ जुलै, संध्याकाळी ७:५०

कुजबुज यांचा सूर खवचट असला तरी मुद्दा मला जवळचा आहे, कारण माझं पोट संगीताच्या हक्कांच्या कागदांवर चालतं (मुंबईत). त्या बाजूने थोडं लिहितो, लांबेल.

'स्वतंत्र कलाकार' म्हणजे एकटा गिटार घेऊन फिरणारा फकीर, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. कागदावर स्वतंत्र म्हणजे एकच गोष्ट: मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात, त्याची मालकी कोणाची? मोठी कंपनी पैसे पुढे करते, रेकॉर्डिंग, जाहिरात, रेडिओवाल्यांची मनधरणी सगळं बघते, आणि मास्टर बहुतेक वेळा स्वतःकडे ठेवते. पुढे केलेले पैसे तुमच्या वाट्यातून वळते होईपर्यंत तुम्ही हात हलवत बसायचं. स्वतःचं लेबल असलं की मास्टर तुमचा. मग वितरणासाठी कोणाला तरी गाठायचं. नॅशव्हिलमध्ये थर्टी टायगर्स नावाची कंपनी याच कामासाठी प्रसिद्ध आहे, सिम्प्सनचा २०१४ चा अल्बम त्यांच्याच मार्फत दुकानांत गेला होता. मालकी कलाकाराची, ते आपला वाटा घेतात.

आता गंमत बघा. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे कोणाला? ज्याने ते लिहिलं आणि बांधलं त्याला, आणि त्याच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला आणि मास्टरच्या मालकाला छदाम नाही! सॅटेलाइट आणि इंटरनेट रेडिओवर मात्र आहे: निम्मे मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीदारांना. म्हणजे जो स्वतः लिहितो, स्वतः गातो आणि मास्टरही ज्याचा स्वतःचा आहे, त्याच्या सगळ्या वाटा एकाच खिशात येतात. सिम्प्सन त्यातला.

यामुळेच त्याला कंट्री रेडिओची फिकीर नसते. रेडिओलाही त्याची नसते. १९९६ च्या कायद्याआधी तिथे एका कंपनीला देशभरात एकूण ४० च्या वर स्टेशनं ठेवता येत नव्हती. ती मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनेल एकटीच बाराशेच्या वर गेली. शेकडो स्टेशनांची यादी मोजक्या ठिकाणी ठरायला लागल्यावर सात मिनिटांचं गाणं कोण लावणार?

धागाकर्ते विचारतात नाव बदलून काय साधलं. धंद्याच्या दृष्टीने सांगतो, नुकसान. नवं नाव म्हणजे स्ट्रीमिंगवर नवं पान. जुने चाहते जुन्या पानावर बसलेले, त्यांना अल्बम आलाय ही सूचनाच जात नाही. कंपनीत असता तर तिथल्या कोणीही त्याला हे करू दिलं नसतं. स्वतःचा मालक आहे म्हणून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्याची मुभा आहे. माझ्या मते स्वतंत्र या शब्दाला याहून चांगला पुरावा नाही.

---

टेक्सासची_सून | १५ जुलै, रात्री ८:३०

कागदपत्री, जियो! वाचनखूण साठवली.

नाव बदलण्यात नवीन काय आहे पण? कंट्रीतला मोठा गायक हँक विल्यम्सने तर १९५० च्या आसपास 'लूक द ड्रिफ्टर' या नावाने नीतीबोधाच्या कविता म्हणून रेकॉर्ड काढल्या. कारण ज्यूकबॉक्सवाले दुकानदार हँक विल्यम्सचं नाव बघून डोळे झाकून माल उचलायचे. बारमध्ये नाचायला आलेल्या लोकांनी नाणं टाकावं आणि प्रवचन सुरू व्हावं, हे टाळायचं होतं. सगळ्यांना माहीत होतं कोण आहे ते, तरी लेबलवर नाव वेगळं.

---

मींडवेडी | १५ जुलै, रात्री ८:४१

म्हणजे अगदी आपले गडकरी! नाटकांना राम गणेश गडकरी, कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम. आणि शिरवाडकर-कुसुमाग्रज आहेतच. आपल्याला यात कधी विचित्र वाटलं नाही.

---

गडबडगुंडा | १५ जुलै, रात्री ८:४४

कंट्री स्टार गार्थ ब्रुक्सला विसरू नका. १९९९. नवं नाव क्रिस गेन्स. टोप, हनुवटीवर दाढीची ठिगळी आणि एका न झालेल्या रॉकस्टारचं संपूर्ण खोटं चरित्र. अमेरिका अजून त्यावर हसते.

(हे मात्र ऐकलंय.)

---

लांबचा_प्रवासी | १५ जुलै, रात्री १०:२०

प्रतिसादांबद्दल आभार, धागा इतका रंगेल असं वाटलं नव्हतं.

मींडवेडी, गडकऱ्यांचं उदाहरण भारी, पण बसत नाही. गोविंदाग्रज आणि बाळकराम यांची लेखणी वेगळी चालते, वाचताना माणूस बदलल्यासारखं वाटतं. लूक द ड्रिफ्टरचंही तेच, प्रकारच वेगळा. इथे जॉनी आणि स्टर्जिलमध्ये फरक काय? 'हू आय अॅम' पहिल्या अल्बममध्ये ठेवलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. उलट जो अल्बम खरोखर दुसऱ्याच माणसाचा वाटला, तो २०१९ चा रॉकवाला, तो त्याने स्वतःच्या नावावर काढला! वेगळं नाव लावायचंच होतं तर तेव्हा लावायचं.

---

टेक्सासची_सून | १५ जुलै, रात्री १०:५८

हे मात्र खरं.

बाय द वे, 'ज्युपिटर्स फेअरी' कोणी नीट ऐकलं का? सात मिनिटं. जुन्या, संपर्क तुटलेल्या मैत्रिणीची आठवण येते, आता फोन करावा म्हणून चौकशी करतो तर ती कधीच गेलेली असते. शोकाचं गाणं आहे, पण त्याचा आवाज कुठेही फाटत नाही. मी मुलांना शाळेतून आणायला गाडी काढली होती, रस्त्यात सुरू झालं, आणि मग शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी बंद न करता बसून राहिले. मुलगा येऊन काचेवर टकटक करतोय तरी मी आपली शेवटचं कडवं ऐकतेय.

त्याला कंट्री म्हणा नाहीतर भरतनाट्यम.

---

शुद्धमती | १६ जुलै, सकाळी ७:१०

ते गाणं मी काल रात्री ऐकलं. गाणं चांगलं आहे.

तंतुवाद्यं तरीही जास्त झाली.

---

नागपुरी_संत्रं | १६ जुलै, सकाळी ८:०२

ताई हळूहळू लायनीवर येऊन राहिल्या. हलके घ्या :)

---

मांडवीकाठ | १६ जुलै, सकाळी ११:३०

मींडवेडीबाय, तुम्ही हवाईचं म्हणालात ते वाचून आठवलं. स्टील गिटार आपल्याकडेही तिथूनच आली. हवाईचा ताऊ मो नावाचा वादक जगभर फिरत कलकत्त्याला येऊन राहिला, चाळीसच्या दशकात. पुढे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत ती हवाइयन गिटार आली, व्हॅन शिपलींच्या रेकॉर्डी आमच्याकडे होत्या. नॅशव्हिलला गेली तिला पेडल लागले, आपल्याकडे आली तिला राग लागले.

---

मींडवेडी | १६ जुलै, दुपारी २:१५

काका, काय सुंदर लिहिलंत! ब्रिजभूषण काब्रांची गिटार 'कॉल ऑफ द व्हॅली'मुळे मराठी घराघरांत गेली, संतूर आणि बासरीच्या मधोमध. मग विश्वमोहन भट, अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या अल्बमला १९९४ चं ग्रॅमी. डोब्रो (आडवी धरून वाजवायची एक गिटार) वाजवणारे जेरी डग्लस, म्हणजे ब्लूग्रासमधलं दैवत, त्यांच्याबरोबरही भटांचा अल्बम आहे. तो ऐकताना दोघांपैकी कोण वाजवतंय हे मला काही जागी ओळखता येत नाही, आणि मी दोन्ही बाजूंची स्वतःला जाणकार समजते.

कुजबुज यांनी विचारलं होतं ना, मराठी संस्थळावर हे कशाला. यासाठी.

---

कुजबुज | १६ जुलै, दुपारी ४:००

बरं. भटांचा अल्बम ऐकेन. केंटकीकराचा नाही.

---

कागदपत्री | १६ जुलै, रात्री ९:०५

कुजबुज, तुमचा शाहिरांचा मुद्दा मी सोडलेला नाही. माझ्या ओळखीत पुण्याचा एक लोकगीतं गाणारा मुलगा आहे. त्याने एका कंपनीला चार गाणी दिली, हातात एकरकमी थोडे पैसे आले, खुशीत सही केली. करारात 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांत' असं होतं. एक गाणं लग्नाच्या वरातींत इतकं वाजलं की त्याला स्वतःला वैताग आला. पुढे पैसा नाही. आता तेच गाणं त्याला आपल्या चॅनेलवर टाकता येत नाही, टाकलं की हक्कभंगाची नोटीस. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क दिला, गायकांनाही मोबदल्यात वाटा दिला, पण तो मागायला आपण काय सही केलीय ते आधी माहीत हवं.

स्टर्जिलने २०१७ मध्ये केलेला उद्योग आठवतो? ग्रॅमी मिळालेला माणूस, पण सीएमए, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनच्या, पुरस्कारांत नामांकनसुद्धा नाही. हा नॅशव्हिलमध्ये त्या सोहळ्याच्या सभागृहाबाहेर फुटपाथवर उभा राहिला, गिटारची पेटी उघडी टाकली, तिच्यात ते ग्रॅमी ठेवलं, आणि गाणी म्हणत, फेसबुकवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत नागरी हक्कांच्या संस्थेसाठी पैसे गोळा केले. लोक हसले. मला तो सगळा प्रकार फार शहाणा वाटला. आत जायला मिळालं नाही तरी याचं दुकान बंद पडत नव्हतं.

---

नागपुरी_संत्रं | १६ जुलै, रात्री ९:३०

त्या पोराला कागदपत्रीचा नंबर द्या कोणी तरी.

---

कागदपत्री | १६ जुलै, रात्री ९:३४

त्याच्याकडे आहे. सही केल्यावर मिळाला.

---

टेक्सासची_सून | २० ऑक्टोबर २०२४, सकाळी ८:१५

धागा वर काढतेय, कारण गोष्टच तशी आहे. काल रात्री त्याचा कार्यक्रम पाहून आलो!

तीन तास. आधी तापवायला दुसरा कोणी गायक नाही, ठरलेल्या वेळेला मंडळी आली आणि सुरू झाली. बोलणं जवळपास शून्य, 'हाऊ आर यू टुनाइट' वगैरे लाडीगोडी नाही. एका गाण्याचं शेपूट दुसऱ्यात मिसळायचं. गिटारवर तो एस्टोनियाचा लॉर योआमेट्स, जो २०१४ च्या अल्बमवर होता, तो परत आलाय. त्या दोघांची जुगलबंदी सुरू झाली की नवऱ्याने मला विचारलं, हे गाणं केव्हा सुरू झालं होतं? 'वन फॉर द रोड' अल्बममध्ये नऊ मिनिटांच्या आसपास आहे, तिथे किती चाललं देव जाणे. माझ्या पुढे काउबॉय टोपी घातलेले एक आजोबा होते, ते डोळे मिटून डुलत होते. मला वाटलं झोपले. गाणं संपलं तर सगळ्यात आधी टाळी त्यांची.

पण सांगायचंय ते वेगळंच. धागाकर्त्या, तिकिटावर नाव कोणाचं होतं माहितीये? स्टर्जिल सिम्प्सन!

---

गडबडगुंडा | २० ऑक्टोबर, सकाळी ८:२१

हसून हसून पुरेवाट. अल्बम जॉनीचा, गल्ला स्टर्जिलचा.

---

कागदपत्री | २० ऑक्टोबर, सकाळी १०:४०

हेच व्हायचं होतं. जुलैमध्ये मी नुकसान म्हणालो ते अल्बमपुरतं. अशा कलाकाराची खरी कमाई दौऱ्यात असते. अनोळखी नावावर हजारोंचं सभागृह भरायची जोखीम कोण घेणार? लहरीपणालाही हिशेब असतो.

---

लांबचा_प्रवासी | २० ऑक्टोबर, रात्री ११:०५

सून, फोटो टाक!

हे वाचून माझी जुलैतली शंका उलट पक्की झाली. नाव खरंच मागे टाकायचं असतं तर तिकिटावरही टाकलं असतं. मला आता असं वाटतं की त्याला सिम्प्सन या नावाचा कंटाळा नव्हता, पाच अल्बमचा शब्द देऊन बसला होता आणि तो मोडायचा नव्हता, एवढंच. सहावा काढायचा तर दुसरं नाव हवं. डोंगरातल्या माणसांचा हा हट्ट मी इथे रोज बघतो. शेजारच्या म्हाताऱ्याने एका दुकानात पाय ठेवणार नाही म्हणून सांगितलंय, म्हणून बायकोला आत पाठवतो आणि स्वतः दारात उभा राहून काय आणायचं ते ओरडून सांगतो.

---

मींडवेडी | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:००

मला नाही पटत. तसं असतं तर 'हू आय अॅम' लिहिलं नसतं. तिकीट हा व्यवहार झाला, अल्बमवर काय लिहायचं ते त्याचं मन. गडकऱ्यांनीही नाटक कंपनीशी व्यवहार गोविंदाग्रज म्हणून केला नसणार.

---

शुद्धमती | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

नाव काहीही लावा. मी एलपी मागवलीय. भाच्याबरोबर येतेय, कस्टम्सला कोण पैसे देणार.

तंतुवाद्यांबद्दल मत कायम.

---

मांडवीकाठ | २१ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मुलाने गाडीत लावून दिलं, म्हापशापर्यंत ऐकलं. स्कूटरवालं बरं आहे, सुशेगाद. पहिलं अकॉर्डियनचंही आवडलं, आमच्याकडच्या जुन्या बँडची आठवण झाली. बाकी फार लांबवतो. जिम रीव्हज अडीच मिनिटांत सगळं सांगून मोकळा व्हायचा.

---

लांबचा_प्रवासी | २१ ऑक्टोबर, दुपारी १:३२

काका, शेवटचं ऐकलंत की नाही? नऊ मिनिटांचं?

---

मांडवीकाठ | २१ ऑक्टोबर, दुपारी २:५०

सुरू झालं होतं. तेवढ्यात म्हापसा आलं. नुस्तं (मासे) घ्यायचं होतं, बाजार उठला असता.